जुन्या मोटारसायकलचे लाईट गेले? पार्ट विकत घेण्याआधी फॉल्ट असा शोधा

वावरात ओलित करायचं म्हणजे बरेचदा रात्रीची लाईन. अंधारात निघालं की वाटेत रोही (नीलगायी) आडवे येतात, रानडुकरांचा कळप येतो, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते. अशा वेळी गाडीचा हेडलाईट पिवळा पडून मिणमिणायला लागला, तर घरी पोचेपर्यंत जीव मुठीत असतो.

सकाळी तालुक्याला जाऊन मिस्त्रीला सांगावं, "लाईट लागूनच नाही राहिला भाऊ." तो आधी बल्ब बदलतो, मग होल्डर, मग आरआर युनिट (करंट आवरणारा रेग्युलेटर), आणि शेवटी म्हणतो, "वायरिंग किटच टाकून देऊ." मिस्त्री वाईट नसतो. पोळ्याच्या तोंडावर त्याच्या दारात गाड्यांची रांग लागलेली असते, एकेक वायर तपासत बसायला त्याला वेळ कुठला? म्हणून तो अंदाजाने पार्ट बदलतो, आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे आपण देतो. जुन्या गाडीत बहुतेक वेळा पार्ट खराब नसतोच, जोड खराब असतो. तो जोड शोधायचं काम घरच्या अंगणात होतं.

हा लेख स्प्लेंडर, सीडी १००, पॅशन या जुन्या हीरो होंडा गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. बॉक्सर, सीटी १००, आरएक्स १०० अशा गाड्यांनाही हीच पद्धत चालते, फक्त वायरींचे रंग बदलतात. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत इंजिन चालू झालं की हेडलाईट आपोआप लागतो आणि त्यांची वायरिंग वेगळी असते. त्या इथे धरलेल्या नाहीत.

१. आधी हे सामान जमवा

- डिजिटल मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा साधा चालतो.
- टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन लांब वायरी. एका वायरीला चिमटा लावा. हा घरीच बनतो, आणि मला विचाराल तर मीटरपेक्षा जास्त कामाचा आहे.
- स्टार आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचे पाने.
- बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, व्हॅसलिन, चांगल्या प्रतीचा इन्सुलेशन टेप.
- दोन-अडीच मीटर सुटी वायर. हिचा उपयोग पुढे कळेल.
- गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर सोन्याहून पिवळं. नसेल तर हीरो होंडाचे नेहमीचे रंग वहीत उतरवून घ्या:

हिरवी म्हणजे अर्थिंग. लाल म्हणजे बॅटरीचा प्लस. काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस. पिवळी इंजिनातल्या लाईट कॉइलची. निळी अप्परची, पांढरी डिपरची, तपकिरी टेल लाईटची, हिरव्यावर पिवळी रेघ असलेली ब्रेक लाईटची. नारिंगी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा, करडी फ्लॅशरची (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीची), पोपटी हॉर्नची.

इथे दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. इंजिनाकडून येणारी पांढरी वायर चार्जिंगची असते आणि हेडलाईटच्या डूममधली (खोळीतली) पांढरी डिपरची. रंग एकच असला तरी कामं वेगळी आहेत. दुसरा गोंधळ यापेक्षा महागात पडतो. हीरो होंडात काळी वायर प्लस असते, यामाहात काळी वायर अर्थिंग असते. शेजाऱ्याच्या आरएक्सवर हात बसलेला माणूस तुमच्या स्प्लेंडरची काळी वायर फ्रेमला टेकवेल, तर फ्यूज गेलाच म्हणून समजा.

२. नेमकं काय काय गेलं, ते आधी पाहा

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची घाई करू नका. जुन्या स्प्लेंडरमध्ये लाईटला दोन वेगळ्या ठिकाणांहून करंट येतो. हेडलाईट, टेल लाईट आणि गाडीच्या स्पीडोमीटरमधला लाईट थेट इंजिनातल्या कॉइलवर, म्हणजे एसीवर चालतात. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा बॅटरीवर, म्हणजे डीसीवर चालतात. विहिरीवरचा पंप चालू आहे तोवरच पाइपातून पाणी येतं, टाकीतलं मात्र पंप बंद असतानाही वापरता येतं. हेडलाईट पाइपावर आहे आणि हॉर्न टाकीवर.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची, हे असं ओळखा. इंजिन बंद ठेवा, चावी ऑन करा, हेडलाईटचं बटण दाबा. लाईट लागला तर तो बॅटरीवर आहे. नाही लागला, पण किक मारल्यावर लागला आणि रेस दिली की वाढला, तर तो इंजिनवर आहे.

आता काय काय एकत्र गेलं ते पाहा:

- हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट सगळं एकदम गेलं, पण हेडलाईट ठीक आहे: फ्यूज, बॅटरी किंवा चावीचा लॉक.
- हेडलाईट, टेल, मीटर लाईट एकदम गेले, पण हॉर्न वाजतो: लाईट कॉइल, पिवळी वायर, तिचा कपलर (वायरी जोडणारा खटका) किंवा हँडलवरचा लाईट स्विच.
- एकच लाईट गेला: तिथला बल्ब, होल्डर किंवा तिथलं अर्थिंग.
- सगळे लाईट लागतात पण मंद, नाहीतर एक लावला की दुसरा फडफडतो: अर्थिंग.

एवढं पाहिलं की निम्मं काम झालं. हेडलाईट मंद आहे म्हणून नवी बॅटरी घेऊन येणारे लोक दर हंगामात दिसतात. इंजिनवर चालणाऱ्या हेडलाईटचा बॅटरीशी थेट संबंध नाही, मग नवी बॅटरी टाकून तो उजळणार कसा?

३. बॅटरी आणि फ्यूज

मीटर डीसीच्या २० वर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत साधारण १२.५ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२ किंवा त्याखाली असेल तर ती उतरली आहे. मग गाडी चालू करून रेस द्या. आकडा १३.५ ते १४.५ च्या आसपास गेला पाहिजे. वाढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर पळत सुटला तर रेग्युलेटर, म्हणजे आरआर युनिट, करंट आवरत नाही.

पाणी टाकायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहा. अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बॅटरीतलं पाणी झपाट्याने उडतं. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं नको, नळाचं नको, फिल्टरचंही नको. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर हे कटाक्षाने पाळा, कारण तिथल्या भूजलातले क्षार बॅटरीच्या प्लेटा खराब करतात. वरच्या रेघेपुढे भरू नका. आतलं अ‍ॅसिड कपड्यावर उडालं की पुढच्या धुण्यात तिथे भोक पडतं. सीलबंद बॅटरी असेल तर ती उघडायच्या फंदात पडू नका.

टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि ब्रश वापरून साफ करा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. काढताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी लावायचा. आणि बॅटरी काढून ठेवून गाडी चालवू नका. किकवर ती चालू होते खरी, पण इंडिकेटर आणि ब्रेकचे बल्ब उडू शकतात.

फ्यूज गेला असेल तर जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवणारे पुष्कळ आहेत. फ्यूज जळणं हे त्याचं कामच आहे. त्याला जळू दिलं नाही तर त्याच्याऐवजी टाकीखालची वायरिंग जळते, आणि तिथून पेट्रोल वीतभर अंतरावर असतं.

४. अर्थिंग: इथे वेळ घाला

बल्बपर्यंत करंट वायरीने येतो आणि परत जाताना फ्रेममधून, हिरव्या वायरीतून जातो. परतीची वाट गंजली की बल्ब चांगला, वायर चांगली, आणि तरीही लाईट मिणमिणता. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल मडगार्डखाली थापला जातो, वाळून घट्ट होतो आणि ओल धरून ठेवतो. त्याखालचे बोल्ट आणि टॅग (वायरीच्या टोकाच्या कड्या) दोन पावसाळ्यांत गंजतात.

अर्थिंग खराब असल्याच्या खुणा ओळखीच्या असतात. ब्रेक दाबला की टेल लाईट मंद होतो. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच तालावर लुकलुकतो. हॉर्न वाजवला की इंडिकेटर थबकतो, पण ही खूण बॅटरी उतरल्याचीही असते, म्हणून आधी कलम ३ उरकून घ्या.

आता ती सुटी वायर काढा. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा, दुसरं टोक संशय असलेल्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा. टेकवताच लाईट भक्कम झाला तर फॉल्ट सापडला, एक रुपयाही खर्च न करता. पक्की खात्री हवी असेल तर ब्रेक दाबून धरा आणि मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसला, दुसरी होल्डरच्या पत्र्याला लावा. चांगल्या अर्थिंगला आकडा जवळपास शून्य येतो. एक-दीड व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं आहे.

मग हे जोड एकेक उघडा: बॅटरीच्या मायनसची वायर फ्रेमला जिथे आवळली आहे ते ठिकाण, टाकीखालचा हिरव्या वायरीचा टॅग, हेडलाईटच्या डूममध्ये हिरव्या वायरी एकत्र येतात तो जोड, टेल लाईटचे बोल्ट, आणि आरआर युनिट फ्रेमला धरणारा बोल्ट. शेवटचा बहुतेकजण विसरतात. गाडीला रंग मारून घेतला असेल तर याच बोल्टखाली रंगाचा थर बसलेला असतो आणि रंगातून करंट जात नाही. पॉलिश पेपरने धातू चकचकीत दिसेपर्यंत घासा, आवळा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा.

५. हेडलाईट लागत नाही

आधी बल्ब काढून तारा पाहा. एका बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्पर आणि डिपरच्या. एकच गेली असेल तर दुसरीवर त्या रात्रीचं काम भागतं. डोळ्यांवर भरवसा नको, मीटरने कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग आहे का, ते पाहा. दुकानात जुना बल्ब सोबत न्या, कारण बुडाचा आकार मॉडेलनुसार बदलतो.

बल्ब ठीक असेल तर गाडी चालू करून होल्डरवर करंट पाहा. इथे नवखा माणूस हटकून फसतो. मीटर डीसीवर असतो, हेडलाईट एसीवर, त्यामुळे मीटर काहीच दाखवत नाही आणि आपण चांगली वायर मेली म्हणून कापतो. मीटर एसीवर घ्या. स्वस्त मीटरमध्ये एसीची सगळ्यात खालची रेंज २०० ची असते आणि आकडाही नेमका येत नाही. म्हणून मी इथे टेस्ट लॅम्पच वापरतो. त्याला एसी-डीसी दोन्ही सारखेच.

टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थिंगला लावा आणि दुसरं टोक होल्डरपासून मागे मागे नेत जा: होल्डरची निळी आणि पांढरी, मग डूममधले कपलर, मग हँडल स्विचमधून येणारी वायर, मग इंजिनाकडून येणारी पिवळी. जिथे लॅम्प पहिल्यांदा लागला, त्या जागेच्या आणि तिच्या आधीच्या जागेच्या मध्ये फॉल्ट आहे.

डिपर स्विच बरेचदा गुन्हेगार निघतो. स्विच वर-खाली करताना लाईट मध्येच लागत असेल तर आतले पॉइंट काळे पडले आहेत. स्क्रू काढून उघडताना खाली पांढरा कपडा अंथरा, कारण आतली बारीक स्प्रिंग आणि गोळी उडते, आणि अंगणातल्या मातीत ती पुन्हा सापडत नाही. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पॉइंट हलके घासा, किंचित व्हॅसलिन लावा, बसवा.

पिवळ्या वायरीवरच करंट नसेल तर इंजिनाजवळचा कपलर उघडून पाहा. उष्णतेने तो वितळलेला किंवा तपकिरी झालेला असेल तर कॉइलकडे वळण्याआधी त्याचे टोक बदला. कपलर सोडवून, इंजिन चालू ठेवून, कॉइलच्या बाजूच्या पिवळ्या वायरीवर एसी मोजा. रेसबरोबर आकडा चढत गेला तर कॉइल जिवंत आहे. काहीच आलं नाही तर कॉइल प्लेट गेली, आणि ती बदलायला मॅग्नेट काढावा लागतो. पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं अवजार) नसेल तर हे काम मिस्त्रीकडेच द्या. हातोडीने मॅग्नेट काढायला जाऊ नका.

६. बल्ब पुन्हा पुन्हा उडतो

महिन्याभरात दुसरा बल्ब उडाला तर तिसरा घेण्याआधी थांबा. इंजिनवरच्या लाईटमध्ये रेग्युलेटर करंटला लगाम घालतो. तो गेला, किंवा त्याचं अर्थिंग सुटलं, की जास्त रेसवर व्होल्टेज चढतं आणि बल्ब फुटतो. रात्री गाडी उभी करून हेडलाईट भिंतीवर पाडा आणि हळूहळू रेस द्या. उजेड वाढत जाऊन एका जागी स्थिरावला तर ठीक. रेसबरोबर पांढराशुभ्र होत वाढतच गेला तर आरआर युनिट तपासा, पण आधी त्याचा बोल्ट आणि हिरवी वायर.

आणखी एक साखळी लक्षात ठेवा. रेग्युलेटर कमजोर असताना हेडलाईट उडाला की त्याच्या वाटचा करंट टेल आणि मीटरच्या बारीक बल्बवर येतो. तेही पाठोपाठ जातात. म्हणून मागचा बल्ब सारखा उडत असेल तर पुढचा लाईट चालू आहे का, हे आधी पाहा.

७. टेल आणि ब्रेक लाईट

मागच्या बल्बच्या दोन खिळ्या कमी-जास्त उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवला तर टेल लाईट भगभगीत आणि ब्रेक मंद, असं उलटं चित्र दिसतं.

ब्रेक लाईट लागतच नसेल तर पायाच्या ब्रेकजवळचा स्विच पाहा. त्याची स्प्रिंग चिखलाने जाम होते किंवा तुटते. स्विचच्या दोन वायरी सोडवून एकमेकींना जोडा. लाईट लागला तर स्विच गेला. उलट ब्रेक लाईट सतत लागून राहत असेल, तर स्विचची नट फिरवून सेटिंग करा. हा फॉल्ट चालवणाऱ्याला दिसत नाही, मागच्याला दिसतो, आणि इकडे बॅटरी रोज उतरत राहते. "सकाळी हॉर्न वाजत नाही" या तक्रारीचं मूळ कितीदा तरी इथेच असतं.

वायर तुटायची ठरलेली जागा म्हणजे सीटखालून मडगार्डवर उतरतानाचं वळण. कॅरिअर लावलेली आणि त्यावर कुटाराचं (भुशाचं) पोतं वाहणारी गाडी असेल तर आधी तिथेच पाहा.

८. इंडिकेटर

दोन्ही बाजू बंद असतील तर फ्यूज, बॅटरी, फ्लॅशर याच क्रमाने. फ्लॅशरच्या काळ्या आणि करड्या वायरी क्षणभर जोडून स्विच एका बाजूला करा. बल्ब न लुकलुकता स्थिर लागले तर फ्लॅशर बदला. एकाच बाजूचा वेग बदलला किंवा तो नुसताच लागून राहिला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे नाहीतर त्याचं अर्थिंग. चारही जागी सारख्याच वॅटचे बल्ब ठेवा. एलईडीचे टाकाल तर जुन्या फ्लॅशरला भार पुरत नाही आणि वेग बिघडतो. त्यासाठी एलईडीचा फ्लॅशर वेगळा मिळतो.

९. फ्यूज सारखा जळतो, म्हणजे शॉर्ट

फ्यूजवर फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब जोडा आणि सगळे स्विच बंद ठेवून चावी ऑन करा. बल्ब पूर्ण ताकदीने लागला तर कुठेतरी प्लस फ्रेमला टेकला आहे. आता वायरिंग हाताने हलवत जा: हँडल डावी-उजवीकडे फिरवा, टाकीखालची गुंडाळी दाबा, सीटखालची उचला. बल्ब जिथे मंदावला किंवा विझला तिथे वायरीचं कातडं गेलेलं सापडेल. हँडलच्या मानेजवळ हे सगळ्यात जास्त होतं.

गाडी कुटाराच्या कोठ्याजवळ उभी राहत असेल तर साइड पॅनल उघडून पाहा. उंदीर तिथे घर करतात आणि वायरी कुरतडतात. तो कापलेला भाग टेपने झाकून चालत नाही. तार तासून, पिळून, शक्यतो झाळून, मग टेप मारा.

१०. "डायरेक्ट" आणि एलईडीचा मोह

मिस्त्री म्हणेल, "हेडलाईट बॅटरीवर डायरेक्ट करून देतो, दिवसासारखा उजेड पडेल." हिशेब करून पाहा. किकच्या स्प्लेंडरची बॅटरी १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवरची, म्हणजे भरलेली असताना साठा ३० वॅट-अवर. हेडलाईट ३५ वॅटचा. चार्जिंगची कॉइल एवढा भार भरून काढायला बनवलेलीच नाही, म्हणून बॅटरी उतरत जाते आणि ऐन अंधारात हॉर्न-इंडिकेटरसकट सगळं बसतं. ६०/५५ वॅटचा हॅलोजन टाकला तर कॉइल तेवढी ताकद देऊ शकत नाही, त्यामुळे उजेडही वाढत नाही. एसीवर चालणारा चांगला एलईडी मिळतो, पण घेताना "एसी-डीसी दोन्हीवर चालतो का" हे विचारूनच घ्या, नाहीतर तो थरथरत राहतो. माझं मत विचाराल तर डूममधला काळवंडलेला रिफ्लेक्टर बदला. कंपनीच्याच बल्बचा उजेड बराच वाढलेला दिसेल.

११. १५ वर्षं झाली असतील तर

गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे ती ५ वर्षांनी वाढवून घ्यायला आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि तिथे हेडलाईटचे अप्पर-डिपर, ब्रेक लाईट, चारही इंडिकेटर, हॉर्न तपासले जातात. आरसी, चालू विमा, पीयूसी आणि फॉर्म २५ सोबत ठेवा. आदल्या संध्याकाळी घरच्या कुणाला तरी मागे उभं करून सगळे लाईट एकदा लावून पाहा. जास्तीचा एक मागचा बल्ब आणि एक फ्यूज कापसात गुंडाळून टूलबॉक्समध्ये टाका. खड्ड्यांच्या रस्त्याने जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत बल्ब जाऊ शकतो, आणि आरटीओच्या गेटवर तो दुप्पट भावाने घ्यावा लागतो.